तळ्याकाठी मुक्काम करायचाय? फोटोआधी उतार बघा

डिसेंबर जवळ आला की घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. निळंशार पाणी, काठावर रांगेत लावलेले पिवळे-केशरी तंबू, वर माळेसारखे सोडलेले दिवे आणि पाठीमागे एखादा किल्ला. खाली कुणीतरी लिहितं, "जायचं का?" पुढच्या दहा मिनिटांत सगळे अंगठे दाखवून मोकळे होतात आणि बुकिंग मात्र एकाच्या गळ्यात पडतं. आमच्या घरात ते माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर "तू दिवसभर इंटरनेटवरच असतेस."

मी बंगळुरूला असते, बाकी सगळे पुण्याला. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत घरी जाणार होते, तेव्हा पवना धरणाच्या काठी एक रात्र राहायचं ठरलं. आम्ही नऊ जण. त्यात चौऱ्याहत्तर वर्षांची आजी आणि दादाचा चार वर्षांचा मुलगा. मी बंगळुरूत बसून फोटो बघितले, किती तारे मिळालेत ते बघितलं, "लेक व्ह्यू" तंबूंना माणशी थोडे जास्त पैसे होते तेही भरले आणि काम झालं म्हणून मोकळी झाले.

तिथे पोहोचल्यावर कळलं की लेक व्ह्यू म्हणजे उतारावरची सगळ्यात खालची रांग. टॉयलेट सगळ्यात वर, मध्ये ओबडधोबड दगडांच्या पायऱ्या. आजीने एकदा वर पाहिलं, काही बोलली नाही आणि संध्याकाळी सहानंतर पाणी प्यायचंच बंद केलं. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. स्पीकर साडेबारापर्यंत दणदणत होते. आणि रात्री दोनच्या सुमाराला आमचा छोटू जागा झाला, त्याने आतून तंबूची चेन उघडली आणि बाहेर चालू लागला. पाण्यात दिव्यांच्या माळा दिसत होत्या, त्या बघायला. शेकोटी विझवत बसलेल्या कॅम्पवरच्या एका मुलाने त्याला पाहिलं आणि उचलून आणलं. तिथून पाणी वीसेक पावलांवर होतं.

वहिनी उरलेली रात्र त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली. मला कुणीही एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. कॅम्पवाल्याची चूक होतीच, पण पैसे भरण्याआधी मीही एकसुद्धा प्रश्न विचारला नव्हता.

त्यानंतर मी प्रश्न विचारायला शिकले. तुम्ही मुलांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन अशा ठिकाणी जायचा विचार करत असाल, तर पुढचं वाचा.

हे तळं नाही, धरण आहे

आपण "लेकसाइड" म्हणतो खरं, पण महाराष्ट्रात ज्या पाण्याकाठी तंबू लागतात ती बहुतेक सगळी धरणांची जलाशयं आहेत. पवना, भंडारदरा, मुळशी, पानशेत. याचा तुमच्या बुकिंगशी थेट संबंध आहे. नैसर्गिक तळ्याचा काठ वर्षभर साधारण एका जागी असतो, धरणाचा काठ सरकत राहतो. पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं, तेव्हा पाणी तंबूच्या पायाशी असतं. मग पिण्यासाठी आणि शेतीसाठी पाणी सोडत जातात आणि मेपर्यंत तोच काठ लांब खाली जातो. मध्ये उरतो तो भेगाळलेला गाळ. पवनेच्या पाण्याखाली गेलेलं वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उन्हाळ्यात उघडं पडतं, ते यामुळेच. वेबसाइटवरचा फोटो मात्र नेहमी ऑक्टोबर-नोव्हेंबरचाच असतो! म्हणून "हा फोटो कोणत्या महिन्यातला आहे?" हा पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धरणाच्या तळाशी पूर्वी गावं होती, शेतं होती. म्हणजे पाण्याखाली बांध आहेत, ओढ्याचं जुनं पात्र आहे, विहिरी आहेत, झाडांचे बुंधे आहेत. वरून पाणी शांत दिसतं आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल टाकलं की तळ नाहीसा होतो. त्यात गाळ पाय धरून ठेवतो. पोहता येणारी, कॉलेजात जाणारी धडधाकट मुलं अशा पाण्यात बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. स्विमिंग पूलमध्ये शिकलेलं पोहणं इथे फार कामाला येत नाही.

वाहत्या पाण्याची तर गोष्टच वेगळी. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. मी एकदाच पाहिला.

आमच्या घरात आता नियम आहे की धरणाच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही. घोट्यापर्यंतही नाही. कयाक किंवा बोट असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालून, बकल लावून, आणि मुलाच्या मापाचं असेल तरच. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर राहतं आणि मूल खालून निसटतं. पाण्यातले खेळ चालवणाऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे आणि पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का, हे फोनवर विचारायला अवघडल्यासारखं होतं, मान्य आहे. तरी विचारा. ज्याच्याकडे असते तो लगेच सांगतो.

मावळात का, आणि मावळात कुठे

पवनेचं नाव इतकं झालंय ते उगाच नाही. मुंबई-पुण्याच्या मध्ये, लोणावळ्याहून तासाभराच्या आत, आणि एका बाजूला तिकोना, दुसरीकडे तुंग, पाठीशी लोहगड आणि विसापूर. यातला लोहगड तर २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. गाडी नसेल तर पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरून पवनानगरकडे जाता येतं.

पण शनिवारी दुपारी लोणावळ्याकडून दुधिवरे खिंडीतून जायचं असेल तर मनाची तयारी ठेवा. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जा. तीच जागा, तेच पाणी, आणि रात्री फक्त रातकिडे. शनिवारी तिथे आवाजाची चढाओढ असते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, हे कॅम्पवाल्यांना माहीत असतं. गिऱ्हाईक मागतं म्हणून ते वाजवतात. ज्या कॅम्पच्या जाहिरातीत "डीजे" हा शब्द असेल तो तुमच्यासाठी नाही, इतकं साधं आहे.

माझ्या मते पाण्याला अगदी चिकटलेल्या पट्ट्यापेक्षा थोड्या आतल्या, गावाला लागून असलेल्या जागा कुटुंबासाठी कधीही बऱ्या. पाणी दिसतं पण पायाशी नसतं. मुलांना मोकळं सोडता येतं. रात्री काही झालं तर हाक मारायला घर असतं.

हा सगळा भाग भाताचा आहे. मावळातला इंद्रायणी तांदूळ तुम्ही घरी आणत असाल, तो इथला. जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी, आणि मग रिकाम्या झालेल्या खाचरांत तंबू. काही ठिकाणी पॉलिहाऊस दिसतील, त्यांत गुलाब असतात. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डेच्या आधी ते परदेशी जातात.

आणि थोडं आणखी. हे धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झालं, ते पाणी आज पिंपरी-चिंचवड पितं. ज्यांची शेतं खाली गेली त्यांच्यातल्या कित्येकांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधात एक्स्प्रेस वेवर बऊर इथे आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. सहलीच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण तुमच्या तंबूशेजारच्या बांधावरून सकाळी बैल घेऊन जाणारे आजोबा "ती समोरची उंचवट्याची जागा दिसते ना, तिच्या खाली आमचं वावर होतं" असं सहज सांगतात, तेव्हा ते काय सांगतायत हे कळायला हवं ना?

म्हणून मी आता विचारते, "जागा तुमची स्वतःची की भाड्याने घेतलेली?" ज्याची जमीन त्याचाच कॅम्प असेल तर त्याला पाणी माहीत असतं, साप माहीत असतात, रात्री तो तिथेच झोपतो. पैसेही गावात राहतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, त्याखाली नोंदवलेली केंद्रंही शोधता येतात. तिथे तंबूऐवजी साधी खोली मिळेल, पण आजी-आजोबांना तीच आवडते.

टॉयलेट, वायर, साप

या तीन गोष्टी फोटोत कधीच नसतात.

टॉयलेटचं आजीवरून सांगितलंच. किती पावलं, किती पायऱ्या, कमोड आहे की नाही, रात्री दिवा असतो की नाही. कितीजणांमागे एक हेही विचारा. शिवाय त्याचा शोषखड्डा पाण्यापासून किती लांब आहे, हे मी विचारते. पवनेचं तर मी म्हटलंच, खाली अख्खं शहर ते पाणी पितं. या प्रश्नाला समोरचा गोंधळला तर समजायचं ते समजा.

दिव्यांच्या माळा फोटोत छान दिसतात. पण ओल्या गवतावरून ओढलेली, जोडावर नुसती चिकटपट्टी लावलेली वायर ही मुलांच्या उंचीवर असते. तंबूच्या दांड्या कित्येकदा धातूच्या असतात. पोहोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत वायर कुठून गेलीय ते बघा, आपल्या तंबूवरून गेली असेल तर काढायला सांगा. विजेच्या बोर्डावर गळती झाली की आपोआप वीज तोडणारा ब्रेकर आहे का, विचारा. थंडीत तंबूत शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी आत घेऊ नका, कुणी आग्रह केला तरी. बंद तंबूत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. जास्तीचं ब्लँकेट मागा. डिसेंबर-जानेवारीत मावळात पहाटे चांगलं कुडकुडायला होतं, पाण्याकाठी जरा जास्तच. आजीला आम्ही दोन स्वेटर घातले होते आणि तरी तिने माझी शाल घेतली.

साप म्हटलं की घाबरून जायचं नाही, पण भाताच्या शेतात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप असतात. मण्यार रात्री फिरतो आणि तो चावल्याचं झोपेत कित्येकदा कळतही नाही. म्हणून तंबूचा तळ कापडाशी शिवलेला हवा, चेन पूर्ण लागणारी हवी, पेंढ्याच्या गंजीपासून तंबू लांब हवा. चेन वरच्या टोकाला, मुलाच्या हाताला येणार नाही अशी बंद करा. ही अक्कल मला वीस पावलांनी आली. तंबूत खाणं ठेवू नका, बूट झाडून घाला, रात्री बॅटरीशिवाय पाय बाहेर टाकू नका. आणि जवळचं, सापाच्या विषावरचं औषध असलेलं हॉस्पिटल कोणतं, तिथे रात्री गाडी कोण नेणार, हे बुकिंगच्या वेळीच विचारून ठेवा. पवनेकडून मोठ्या हॉस्पिटलसाठी तळेगाव दाभाड्यापर्यंत यावं लागतं. १०८ आणि ११२ हे नंबर माहीत असतातच, पण डोंगराच्या आड फोनला रेंज आहे का हे माहीत नसतं.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकी महिन्यांचं कौतुक करणारे भेटतील, पण लहान मुलं आणि तंबू असेल तर मी हेच म्हणेन. पावसाळ्यात मावळात पाऊस कोसळतो, तंबू टिकत नाहीत. पावसाळी मावळ बघायचाच असेल तर पक्क्या खोलीत राहा.

काजव्यांसाठी मात्र अपवाद. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत भंडारदऱ्याकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात. प्रवरेवरचं हे धरण १९२६ मधलं. जलाशयाला ऑर्थर लेक म्हणतात आणि बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे तिथे वनखात्याचे नियम चालतात. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद. आपण मोबाइलचे टॉर्च मारत फिरलो की ती सादच विस्कटते. मुलांना हे घरूनच सांगून न्या, ती मोठ्यांपेक्षा जास्त पाळतात. तिथे एमटीडीसीचा रिसॉर्टही आहे, आजी-आजोबा असतील तर तोच घ्या.

बंगळुरूकर मराठी मंडळींसाठी

इथे माझ्या ऑफिसातले लोक शनिवारी मंचनबेलेला जातात. अर्कावती नदीवरचं धरण, शहरापासून दीडेक तास, वाटेत सावनदुर्गचा तो अजस्र कातळ. आजूबाजूला नाचणी आणि तुतीची शेतं. रामनगरचा रेशीम कोशांचा बाजार मोठा प्रसिद्ध आहे. जागा देखणी आहे, पण तिथेही माणसं बुडाली आहेत, आणि काठावर पाण्यात न उतरण्याचे फलक आहेत. ते फक्त कन्नडमध्ये दिसले तर "आपल्याला वाचता आलं नाही" म्हणू नका, त्यांचा अर्थ तोच आहे. चन्नपट्टणजवळ कण्व धरण आहे, तिकडे गर्दी जरा कमी आणि मुलांना परतताना लाकडी खेळणी घेता येतात.

सरकारी व्यवस्था हवी असेल तर कावेरीकाठी भीमेश्वरीला कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचा कॅम्प आहे. महाग वाटेल. पण नदीत मगरी आहेत आणि हत्तीही त्या जंगलात फिरतात. तिथे आपलं आपण कुठेही तंबू ठोकण्यापेक्षा ते पैसे द्यावेत. एक लक्षात ठेवा, मावळात ऑक्टोबर कोरडा व्हायला लागतो, तर बंगळुरूच्या आसपास सप्टेंबर-ऑक्टोबरात संध्याकाळी धो-धो पाऊस असतो. पुण्याचं कॅलेंडर इथे चालत नाही.

फोन करा, मेसेज नको

सगळ्यात शेवटचं आणि मला सगळ्यात उपयोगी पडलेलं. चॅटवर "येस मॅम, ऑल फॅसिलिटी अव्हेलेबल" येतं. फोनवर माणूस कळतो. मागच्या वर्षी पुन्हा जायचं म्हटल्यावर घरात आधी शांतता पसरली. मग वहिनीच म्हणाली, "जाऊ या, पण या वेळी फोन मी ऐकणार." स्पीकरवर टाकून आम्ही तीन ठिकाणी बोललो. पहिल्याने टॉयलेटच्या प्रश्नावर "तुम्ही आधी अ‍ॅडव्हान्स टाका" म्हटलं. दुसरा गोड बोलला, पण रात्री कॅम्पवर कोण असतं ते त्याला सांगता येईना. तिसऱ्या ठिकाणी एका काकूंनी फोन उचलला. आम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख सांगितली, तर म्हणाल्या, "तेव्हा नका येऊ बाई, आमची झोडणी चाललेली असते. धूळ उडते, आमचं लक्ष पण नसतं तुमच्याकडं. पंधरा दिवसांनी या." आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा कॅम्प! वहिनीने माझ्याकडे बघून मान हलवली.

सहाच तंबू होते, घराच्या मागच्या खाचरात. पाणी दिसत होतं, मध्ये दोन शेतं आणि एक काटेरी कुंपण. आजीला त्यांनी घरातच कॉट दिली, त्यामुळे तिने तंबूत झोपायची हौस राहिली म्हणून थोडी कुरकुर केली आणि रात्री अकरापर्यंत काकूंशी गप्पा मारल्या. जेवायला भाकरी, पिठलं, ठेचा आणि इंद्रायणीचा मऊ भात. बार्बेक्यू नव्हतं, दादा थोडा हिरमुसला. ताटं स्टीलची, आपली आपण घासायची. छोटू आता सहा वर्षांचा आहे, त्याने सकाळी गोठ्यात शेण भरायला मदत केली आणि दिवसभर ते सगळ्यांना सांगत सुटला. वहिनी रात्री तंबूची चेन दोनदा तपासून आली. तिसऱ्यांदा मी उठून तपासली.

निघताना काकूंनी पाच किलो तांदूळ बांधून दिला. पैसे घेतले, बाजारभावापेक्षा कमी नाही, जास्तही नाही. उद्यान एक्स्प्रेसमधून तो बंगळुरूला आणला. पहिल्यांदा माझ्या नेहमीच्या हिशेबाने पाणी घातलं आणि चार शिट्ट्या केल्या, पार गिचका झाला. घरी फोन केला तर आजी म्हणाली, नवा तांदूळ आहे, पाणी कमी घाल आणि दोन शिट्ट्यांवर बंद कर.